टिकाऊ कॅमेरा मागणाऱ्या भाच्यासाठी

माझा भाचा कागलला राहतो. गेल्या दिवाळीला घरी आला आणि फराळाच्या ताटावरच त्यानं विषय काढला. "मामा, कॅमेरा घ्यायचाय. पर टिकाऊ पायजे. पावसात चालला पायजे, जोतिबाच्या गुलालात चालला पायजे. आन् धा वर्षं परत खर्च नको." बजेट सत्तर हजारांचं. त्यातले साठ तो बॉडीवर घालणार होता आणि उरलेल्यात मिळेल ती लेन्स.

त्या रात्री त्याला जे सांगितलं तेच इथे नीट मांडतोय, कारण हा हिशेब उलटा करून अडकलेली बरीच मुलं मी पाहिली आहेत. कॅमेऱ्याच्या संसारात सगळ्यात आधी म्हातारी होते ती बॉडी. लेन्स तिच्या दुप्पट-तिप्पट जगते. आणि सगळ्यात जास्त टिकते ती फाईल, ती रॉ, म्हणजे सेन्सरनं मोजलेली कच्ची फाईल, असेल आणि नीट जपली असेल तर. आपण पैसा आणि काळजी नेमकी याच्या उलट वाटतो.

कोल्हापूरच्या हवेत काय खराब होतं

दुकानात 'टिकाऊ' म्हटलं की धातूची बॉडी दाखवतात. ती चांगलीच. पण इतक्या वर्षांत पडून फुटलेले कॅमेरे मी दोन-तीनच पाहिले. ओलीनं गेलेल्या लेन्सा मात्र मोजता येणार नाहीत. जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपडे वाळत नाहीत, मीठ पाणी सोडतं, दाराची फळी फुगते. पन्हाळ्यावर किंवा गगनबावड्याला राहणाऱ्यांचे हाल तर विचारायला नकोत. तीच हवा लेन्सच्या आत शिरते आणि काचेवर बुरशी धरते.

माझी पहिली चांगली लेन्स अशीच गेली. चामड्याच्या पाऊचमध्ये घालून कपाटात ठेवली होती, जपून म्हणूनच. पावसाळा संपताना काढली तर फोटो धुरकट यायला लागले. टॉर्च मारून आत पाहिलं, तर काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. बुरशी वाढताना आम्ल सोडते आणि ते काचेवरचा लेप खातं. वेळेत कळलं तर कारागीर लेन्स उघडून पुसून देतो. लेप खाल्ला गेला असेल तर डाग कायमचा. चामडं आणि कापड ओल धरून ठेवतात, म्हणून त्यात लेन्स ठेवायचीच नाही, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं.

उपाय महाग नाही. घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला प्लॅस्टिकचा डबा घ्यायचा. आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला पाहिजे. ६०च्या वर सतत राहिला तर बुरशीला आमंत्रण, आणि फार खाली नेला तर आतलं वंगण आणि रबर सुकतं. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या. ओल शोषली की दाणे हिरवट होतात, मंद आचेवर परतले की पुन्हा नारिंगी. निळ्या दाण्यांत कोबाल्ट असतं, ते अंगाला बरं नाही, ते स्वयंपाकघरात नेऊच नका. कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवायचा सल्ला कुणी ना कुणी देतंच. तांदूळ फारशी ओल ओढत नाही, आणि त्याची भुकटी मात्र बटणांच्या फटीत जाऊन बसते.

आणखी एक सवय. एसी लावलेल्या गाडीतून रंकाळ्यावर उतरलात आणि लगेच कॅमेरा बाहेर काढलात, की थंड काचेवर दव धरतं. बाहेरचं पुसता येतं, आतलं नाही. बॅग बंदच ठेवून वीसेक मिनिटं थांबायचं. पावसाळी सहलीत एवढी एक गोष्ट पाळली तरी लेन्सचं आयुष्य वाढतं.

आता पाऊस. 'वेदर सील्ड' हा शब्द खोक्यावर वाचून भाचा खूश झाला होता. त्याचा अर्थ एवढाच, की सांध्यांमध्ये रबरी पट्ट्या आहेत. घड्याळावर किंवा मोबाईलवर धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा जसा आयपी आकडा असतो, तसा आकडा फार थोड्या कॅमेऱ्यांना असतो. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ला आयपी ५३ आहे. त्यातला ५ धुळीचा, ३ पाण्याच्या फवाऱ्याचा. म्हणजे भुरभुर चालेल, बादलीत बुडवणं चालणार नाही. आणि सील फक्त बॉडीला असून भागत नाही. लेन्स जिथे बसते त्या माऊंटभोवती लेन्सलाही रबरी कड लागते. कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या स्वस्त किट लेन्सला ती बहुतेक वेळा नसतेच. साठ हजारांच्या सीलबंद बॉडीला अशी लेन्स लावणं म्हणजे पुढचं दार लोखंडी करून मागचं उघडं ठेवणं. पाणी आत गेलं तर वॉरंटीही सहसा लागू होत नाही, त्यामुळे सील असो वा नसो, मी पावसात वरून प्लॅस्टिकचं कव्हर घालतोच.

गुलाल पाण्यापेक्षा वाईट. वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, चैत्र पौर्णिमेला गेलेल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. सासनकाठ्या नाचत असतात, चांगभलंचा गजर चालू असतो आणि हवाच गुलाबी झालेली असते. ती भुकटी इतकी बारीक, की झूमच्या रिंगमध्ये, बटणांखाली, फ्लॅशच्या खाचेत, कुठेही जाते. डोंगरावर लेन्स बदलायची नाही. एकच झूम घरून लावून न्यायची आणि घरी येऊनच काढायची. पुढे साधा काचेचा फिल्टर आणि हूड हवाच, कारण गुलालाबरोबर खोबऱ्याच्या वाट्याही उडतात. घरी आल्यावर कपड्यानं पुसायचं नाही. आधी रबरी फुग्यानं फुंकर, मग मऊ ब्रश, मग परत फुंकर, आणि शेवटी कापड. आधीच पुसलं तर तीच भुकटी काचेवर पॉलिशपेपरसारखी घासली जाते. ओलं कापड लावलं तर गुलाल विरघळून फटीत उतरतो आणि तिथंच रंगतो.

पैसे कुठे घालायचे

दर दोन-तीन वर्षांनी बॉडीचं नवं मॉडेल येतं आणि जुनीची किंमत घसरते. लेन्सचं तसं होत नाही. निकॉननं १९५९ साली आणलेलं एफ माऊंट डीएसएलआरच्या, म्हणजे आतमध्ये आरसा असलेल्या डिजिटल कॅमेऱ्यांच्या, काळापर्यंत चाललं, आणि त्यातल्या कित्येक लेन्सा आजच्या मिररलेस (बिनआरशाच्या) बॉडीवर अडॅप्टरनं बसतात. कॅननच्या १९८७च्या ईएफ माऊंटचंही तसंच. म्हणून भाच्याला म्हटलं, वापरलेली मधल्या वर्गातली बॉडी घे आणि चांगली लेन्स घे. सत्तरपैकी निम्म्याहून जास्त लेन्सवर गेले तरी चालतील.

वापरलेली बॉडी घ्यायला तो घाबरत होता. घाबरण्यापेक्षा तपासायला शिकावं. ज्या कोल्हापुरात मूकपटांच्या काळातल्या बाबुराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं मूव्ही कॅमेरा घडवला, तिथल्या पोराला यंत्राच्या आत डोकावायची भीती वाटू नये.

पहिलं पाहायचं ते शटर किती वेळा पडलंय. सुरुवातीच्या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण १ लाख वेळा चालेल असं धरलेलं असतं, वरच्या वर्गात २ लाख, काही बॉड्यांना ४ लाख. हा मृत्यूचा आकडा नाही, गाडीच्या किलोमीटरसारखा अंदाज आहे. लग्नाचं काम करणारा माणूस एका लग्नात अडीच हजार फोटो सहज काढतो, म्हणजे चाळीस लग्नांत लाख झाले. त्यामुळे दोन वर्षांच्या व्यावसायिक कॅमेऱ्यापेक्षा सहा वर्षांचा हौशी माणसाचा कॅमेरा कमी झिजलेला असू शकतो. निकॉनच्या झेड ८ आणि झेड ९ मध्ये यांत्रिक शटरच नाही, तिथे हा प्रश्न येत नाही, पण ते आपल्या बजेटचे नाहीत.

मग आपलं कार्ड घालून, लेन्सचं छिद्र (अपर्चर) एफ १६वर ठेवून मोकळ्या आभाळाचा फोटो काढायचा. सेन्सरवर धूळ असेल तर करडे ठिपके दिसतात. ठिपके साफ होतात, ओरखडा जात नाही. लेन्समधून टॉर्च आरपार मारून बुरशी शोधायची. फोकसची रिंग फिरवून खरखर ऐकायची. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज दिसला तर तो कॅमेरा पाण्यात गेलेला असण्याची दाट शक्यता, कितीही स्वस्त असला तरी उठून यायचं. आपल्याकडे २०१९ आणि २०२१ साली पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं हे सगळ्यांना माहीत आहे. पुरात बुडालेलं सामान वाळवून विकायला येतंच.

बॅटरी नवी आणि कंपनीचीच घ्या. ट्रायपॉड जड असला तरी घट्ट पायांचा. कार्डावर पैसे वाचवू नका. नकली कार्डावर ६४ जीबी लिहिलेलं असतं आणि आत जागा निम्मीही नसते. नवं कार्ड एकदा पूर्ण भरून, कॉम्प्युटरवर सगळ्या फाईली उघडतात का ते बघूनच कामाला न्यायचं.

रॉ म्हणजे काय

गुऱ्हाळावर काहिलीत रस उकळत असेपर्यंत सगळं गुळव्याच्या हातात असतं. भेंडीचं पाणी घालून मळी काढायची, आच कमी-जास्त करायची, रंग बघत राहायचा. एकदा गूळ साच्यात घट्ट झाला की रवा, म्हणजे गुळाची ढेप, काळा निघाला तरी तोच विकायचा. जेपेग, म्हणजे कॅमेरा स्वतः तयार करून देतो तो नेहमीचा फोटो, हा घट्ट झालेला रवा. रॉ म्हणजे अजून काहिलीतला रस.

सेन्सरला रंग कळत नाहीत. त्याचा प्रत्येक ठिपका फक्त किती उजेड पडला ते मोजतो. कोडॅकमधल्या ब्रायस बेयर यांनी त्यावर रंगीत गाळण्यांची जाळी बसवायची युक्ती काढली, तिचं पेटंट १९७६चं. चार ठिपक्यांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. हिरवे दुप्पट, कारण आपल्या डोळ्याला बारकावे हिरव्या भागातच जास्त कळतात. म्हणजे रॉ फाईलमध्ये प्रत्येक ठिपक्याचा एकच रंग मोजलेला असतो, बाकीचे दोन शेजाऱ्यांकडे बघून सॉफ्टवेअर भरून काढतं. जेपेग काढताना हेच काम कॅमेरा निमिषात करतो, वरून रंग गडद करतो, कडा धारदार करतो, आणि मोजलेला बराचसा भाग टाकून देतो.

किती टाकतो? जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत २५६ पायऱ्या असतात. १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. पण या पायऱ्या समान वाटलेल्या नसतात, आणि हे समजलं की फोटो काढायची पद्धतच बदलते. सेन्सर सरळ मोजतो. उजेड दुप्पट झाला की आकडा दुप्पट, आणि उजेडाच्या अशा एका दुपटीला स्टॉप म्हणतात. त्यामुळे सगळ्यात उजळ एका स्टॉपलाच ८,१९२ पायऱ्या मिळतात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, असं निम्मं निम्मं होत सातव्या स्टॉपला १२८च उरतात. सावलीत मुळात उजेडच कमी पडलेला असतो, म्हणून तो भाग मागून उजळवला की दाणे (नॉइज) दिसतात. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्यातली फोटो उजळ करायची सेटिंग, वाढवल्यानं उजेड वाढत नाही, मोजलेला आकडा फुगतो फक्त.

म्हणून नियम असा, की पांढरं फुटू न देता, म्हणजे उजळ भाग बारकावे जाऊन कोरा होऊ न देता, जितका जास्त उजेड घेता येईल तितका घ्यायचा. तालमीत गेलात तर हे पटेल. दारातून एक उजेडाची पट्टी, खाली हौद्यातली तांबडी माती, कोपऱ्यात अंधार. दाराकडचा पैलवान फुटला तर त्याच्या खांद्यावर नंतर कातडी परत आणता येत नाही, तिथे आकडा वरच्या टोकाला जाऊन थांबलेला असतो. कोपरा मात्र दोन स्टॉप उचलता येतो. ट्यूबलाईटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवलं तर पट्टे येत नाहीत, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि दिवा सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. कुस्ती चालू असताना एवढं हळू शटर परवडत नाही. तेव्हा कॅमेऱ्यातलं अँटी-फ्लिकर चालू करायचं आणि यांत्रिक शटरच वापरायचं.

गुलालाचा रंग का फुटतो

यात्रेचे फोटो घरी येऊन बघितले की गुलालाच्या जागी सपाट गुलाबी डाग दिसतो, आत ना सावली ना भुकटीचा पोत. फोटो जास्त उजळ आला असं वाटून पुढच्या वर्षी लोक अंधारे फोटो काढतात. कारण वेगळं आहे.

उन्हात सेन्सरचे लाल ठिपके हिरव्यांच्या मानानं कमी आकडा देतात. पांढरं पांढरं दिसावं म्हणून जेपेग बनवताना कॅमेरा लाल आकड्याला साधारण दुपटीनं आणि निळ्याला दीडपटीच्या आसपास गुणतो. यालाच व्हाईट बॅलन्स म्हणतात. गुलालात लाल आधीच ठासून भरलेला. त्याला दोननं गुणलं की तो वरच्या टोकाला आपटतो आणि तिथला सगळा बारकावा एकाच आकड्यात जमा होतो. कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावरचा उजेडाचा आलेख (हिस्टोग्राम) याच जेपेगवरून काढलेला असतो, म्हणून तोही लाल फुटला असंच दाखवतो. रॉ फाईलमध्ये मात्र तो गुणाकार झालेला नसतो, फक्त टिपून ठेवलेला असतो. तिथे लालला बहुतेक वेळा स्टॉपभर जागा शिल्लक असते.

मग सॉफ्टवेअरमध्ये काय करायचं? पूर्ण फोटोचा एक्स्पोजर खाली ओढायचा नाही, त्यानं माणसांचे चेहरे काळवंडतात. रंगांच्या विभागात जाऊन फक्त लाल आणि मॅजेंटाची गडदता आणि उजळपणा थोडा कमी करायचा. पोत हळूहळू वर येतो. मोबाईलवर पाठवायची जेपेग ज्या एसआरजीबी रंगपट्ट्यात बसते, त्यात गुलालाचा खराखुरा भडकपणा मावतच नाही, म्हणून थोडी माघार घ्यावी लागते. पांढऱ्या फेट्याची गोष्ट निराळी. तिथे तिन्ही रंग फुटलेले असतील तर रॉमध्येही काही नाही. यात्रेत मी उजेड मोजतो तो फेट्यावर, गुलालावर नाही.

बाकी क्रम साधा आहे. आधी निवड, आणि ती कठोर. मग व्हाईट बॅलन्स, एक्स्पोजर, उजळ भाग आणि सावल्या, मग रंग, मग दाणे कमी करणं. धार अगदी शेवटी, आणि ती फोटो पूर्ण आकारात बघूनच. स्क्रीनचा उजेड कमी ठेवा, नाहीतर छापून आलेला अल्बम काळा वाटतो. सॉफ्टवेअर विकतच घ्यायला हवं असं नाही. डार्कटेबल आणि रॉथेरपी फुकट आहेत, निकॉन आणि कॅनन आपापल्या कॅमेऱ्यांसाठी फुकट देतात. यातलं कुठलंही मूळ फाईलमधल्या मोजलेल्या आकड्यांना हात लावत नाही. तुम्ही केलेले बदल वेगळे लिहून ठेवलेले असतात, मूळ रस काहिलीत तसाच राहतो.

फाईल जपणं

जुन्या स्टुडिओंतून फोटो आणला की पाकिटावर लिहिलेलं असायचं, निगेटिव्ह जपून ठेवली आहे, नंबर सांगून कधीही कॉपी मिळेल. रॉ फाईल ही ती निगेटिव्ह. २०१९च्या ऑगस्टमध्ये आमच्या पाहुण्यांच्या घरात पाणी शिरलं तेव्हा लग्नाचा अल्बम गेला आणि फोटोंची हार्ड डिस्कही गेली, कारण दोन्ही एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होती. तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या घरात, हा जगभर पाळला जाणारा नियम नदीकाठच्या गावाला तर जास्तच लागू आहे. माझी एक डिस्क बहिणीकडे कागलला असते. वर्षातून एकदा ती आणून उघडून बघतो, कारण नुसत्या पडून राहिलेल्या डिस्कही बंद पडतात.

ही डिस्क भाच्याच्याच घरात असते हे त्याला माहीत नव्हतं. दिवाळीच्या त्या रात्री ती त्याच्या पिशवीतूनच आली होती. त्यातली खासबाग मैदानातली २०११ची एक फाईल मी त्याला उघडून दाखवली. रात्रीची कुस्ती, आयएसओ ३,२००. तेव्हा दाणे इतके आले होते की फोटो बाजूला टाकला होता. आताच्या सॉफ्टवेअरनं दाणे काढले, सावली दीड स्टॉप उचलली, आणि खालच्या पैलवानाच्या पाठीला चिकटलेली माती कणाकणानं दिसायला लागली. भाचा स्क्रीनजवळ सरकला. "मामा, ह्यो कुठल्या कॅमेऱ्यानं काढलाय?"

मी त्या बॉडीचं नाव सांगितलं. ती मी २०१५ सालीच विकली होती, आणि तिला लावलेली लेन्स म्हणजे चामड्याच्या पाऊचमध्ये बुरशी धरलेली तीच.